चार ओहम

तिसऱ्यांदा जळालेली पाण्याची मोटार कुणीतरी हातगाडीवरून आणून माझ्या दुकानाच्या पायरीवर टाकून गेलं होतं. सकाळी कुलूप काढायला पोचलो तर जळक्या वार्निशचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आलेला. आपल्या हातची भाजी करपली की बाईला दोन खोल्यांपलीकडून कळतं, तसा मला तो वास लांबूनच कळला. काम माझ्याच हातचं होतं. अकरा दिवसांपूर्वी भरून दिलेलं.

पस्तीस वर्षं मी मोटारी भरतो आहे. इराकमधल्या अमारा शहरात, दिजला नदीच्या काठच्या आमच्या सिद्रा मोहल्ल्यात उस्ता झामिलचं दुकान कुठे म्हणून विचारलंत तर कुणीही हात करून दाखवेल; कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. कूलरच्या मोटारी, पाण्याच्या, पिठाच्या गिरणीच्या, सगळ्या येतात. जळलेली तांब्याची तार कापून काढायची, वेढे मोजायचे, त्याच जाडीची नवी तार तितक्याच वेढ्यांनी भरायची, वार्निश पाजायचं आणि उन्हात वाळत ठेवायचं. आमच्या उन्हाला भट्टीची गरज पडत नाही. झामिलने भरलेली मोटार दहा वर्षं मागे वळून बघत नाही, असं लोक म्हणायचे. त्या उन्हाळ्यापर्यंत म्हणायचे.

ही मोटार मोहल्ल्याच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या प्लांटची. ती नदीचं पाणी वर ओढते, प्लांट ते गाळतो, त्यातला खारटपणा काढतो आणि टाकीत सोडतो. नळाला येतं त्या पाण्याने भांडी घासायचीही शिसारी येते. त्यामुळे सकाळी सहापासून बाया कॅन घेऊन प्लांटपुढे रांग लावतात. मोटार जळाली की रांग तशीच उभी राहते, आणि ऑगस्टच्या उन्हात कोरडे कॅन घेऊन उभी राहिलेली रांग कुणालाही सोडत नाही.

मी तिथे पोचलो तेव्हा पहिला आवाज नशमियाचा आला. नशमिया डोक्यावर थाळा घेऊन दारोदार म्हशीच्या दुधाची दाट साय विकते. तिची जीभ मात्र सायीसारखी नाही.

"आले बघा उस्ता! काय हो, या वेळी तार कसली घातलीत? माझ्या थाळ्याला बांधायच्या दोरीची?"

बाया हसल्या. प्लांटच्या सावलीत हाज्जी मुतश्शर उभे होते. ते कमिटीचे प्रमुख. चाळीस वर्षं त्यांनी अमारा ते बगदाद बस चालवली. अजूनही समोरचा माणूस शेवटच्या बाकावर बसला असल्यासारखे ओरडून बोलतात.

"झामिल, ही तिसरी!"

"मोजता येतं मला, हाज्जी."

"लोक म्हणतात, तू शुद्ध तांबं घालत नाहीस. वरून मुलामा, आत भलतंच."

"लोक म्हणतात की तुम्ही म्हणता?"

"मी रांगेच्या बाजूने बोलतोय."

"मग रांगेला सांगा, माझ्या कामात खोट नाही. दुकानात ही मोटार तास तास चालवून बघतो मी. इथे आणून लावली की जळते. इथेच काहीतरी आहे."

"वल्ला!" हाज्जींनी दोन्ही हात वर केले. "नाचता येईना अंगण वाकडं!"

या वेळी रांगेतले पुरुषही हसले. हाज्जी थोडे खाली आले, म्हणजे त्यांच्या मानाने हळू बोलले. "बसऱ्याला निरोप धाडलाय. नवी मोटार आणि तिथला उस्ता, दोन्ही येतील आठ दिवसांत. तोवर लोकांना पाणी लागणार. एवढी शेवटची भर. आठ दिवस टिकव म्हणजे झालं. मग तू मोकळा, आम्ही मोकळे."

पस्तीस वर्षांत मला कुणी 'मोकळा' केलं नव्हतं.

मोटार उघडली. आतलं तांबं काळं ठिक्कर पडलं होतं. दोन दिवस बसून मी ती भरली, एकेक वेढा दोनदा मोजून, जणू मीच माझ्यावर पहारा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी जेवायला बसलो, पण रोटी नुसती कुस्करत राहिलो.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी मोठी बहीण सबीहा. माझी बायको देवाघरी गेली, मुलगी रियाम लग्न होऊन बसऱ्याला असते. सबीहाने लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत तिने एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. सगळा मोहल्ला तिला 'सित्त' म्हणतो, बाईंना म्हणतात तसं. मीही तेच म्हणतो, कारण ती नोकरीला लागायच्या आधी तिने माझ्यावरच सराव केला होता. मी तिचा पहिला नापास विद्यार्थी. सहावीत शाळा सोडली आणि तांबं हातात घेतलं. तेव्हापासून आमचा एक न बोललेला करार होता: तिने माझ्या दुकानात डोकं घालायचं नाही आणि मी तिच्या वहीत.

"तोंड का वाळल्या मासळीसारखं केलंयस?" ती म्हणाली.

"काही नाही."

"नशमिया सकाळी साय द्यायला आली होती. तिने सगळं सांगितलंय. मला फक्त तुझ्याकडून ऐकायचंय."

मी सांगितलं. मुलाम्याचंही सांगितलं. सबीहा तिचा चहा ढवळत राहिली, साखर केव्हाच विरघळली होती तरी.

"पहिल्यांदा कधी जळाली?"

"ईदनंतर दोन आठवड्यांनी."

"त्याआधी किती वर्षं चालली?"

"सहा."

"मग ईदला काय बदललं?"

"काहीच नाही. मोटार तीच, जनरेटर तोच. नदी आटत चाललीय म्हणून मोटार पुढे सरकवली, एवढंच."

"किती पुढे?"

"असेल दीडशे मीटर. आधी प्लांटच्या भिंतीलाच पाणी लागायचं. आता मधे नुसता चिखल. पाण्याच्या कडेला फळ्या टाकून त्यांच्यावर बसवलीय."

"आणि वायर?"

"हाज्जींनीच आणली. घरात वापरतात ती. तांब्याचीच आहे, मी पाहिली."

"झामिल, मोटारीपाशी दाब किती मिळतो, मोजलास?"

आता मला राग आला. "सित्त, मी काय काल जन्मलो? पहिल्यांदा जळाली तेव्हाच मोजलं. प्लांटच्या बोर्डावर दोनशे सोळा व्होल्ट, मोटारीच्या टोकाला दोनशे सोळा व्होल्ट. एका व्होल्टचाही फरक नाही."

"मोटार चालू होती?"

"जळलेली मोटार चालू कशी असेल? सोडवून ठेवली होती. उघड्या तारांना मीटर लावलं."

सबीहाने चमचा खाली ठेवला. पेला सरकवला. आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मला सहावीतला मी आठवलो.

"अरे वेड्या, बंद मोटारीत प्रवाह असतो का?"

"नसतो."

"वायर दाब खाते ती प्रवाह वाहताना. रोध गुणिले प्रवाह. प्रवाह शून्य, तर गुणाकार शून्य. रिकाम्या रस्त्यावर तू गर्दी मोजून आलास!"

पस्तीस वर्षं मी मीटर वापरलं होतं. पण दुकानात मोटार आणि बोर्ड यांच्यात दोन हातांचं अंतर. तिथे हे कधी दिसायचं कारणच नव्हतं.

"उद्या सकाळी मी येते," ती म्हणाली. "तुझं ते चिमट्याचं मीटर घे, तारेला कवेत घेऊन प्रवाह दाखवतं ते. आणि साधं मीटर. दोन असली तर दोन्ही घे. वाजले किती? जा, मोटार वाळली का बघ."

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी भरलेली मोटार हातगाडीवर घेतली, आणि ती काळा अबाया घालून, हातात मोजायची दोरी आणि पर्समध्ये खडूचे तुकडे घेऊन माझ्यासोबत निघाली. प्लांटपुढे रांग लागली होती. "सित्त आल्या!" कुणीतरी कुजबुजलं आणि एक गंमत झाली. निम्म्या बाया तिच्या हाताखालून गेलेल्या. कुणी डोक्यावरचा पदर सारखा केला, कुणी तोंडातला डिंक गिळला, आणि वाकडीतिकडी रांग आपोआप सरळ झाली.

"सित्त, तुम्ही इथे?" हाज्जी पुढे आले. "भावाची वकिली करायला?"

"नाही हाज्जी. भाऊ दोषी निघाला तर मीच तुम्हाला सांगेन. दहा मिनिटं द्या. आणि तुमचा आवाज द्या."

"माझा आवाज?"

"एकशे पासष्ट मीटर लांब पोचेल असा दुसऱ्या कुणाचा आहे?"

अंतर तिने आल्या आल्याच दोरीने मोजून घेतलं होतं. एकशे पासष्ट. तार जायची आणि यायची, म्हणजे तीनशे तीस.

हाज्जी बोर्डापाशी थांबले, मीटर बघायला. मी फळ्यांवरून चिखल ओलांडून मोटार जागेवर बसवली. बोर्डाचा खटका पाडलेला असतानाच मोटारीच्या पेटीत मीटरच्या तारा घट्ट आवळल्या, झाकण लावलं, चिमटा एका तारेभोवती बसवला. सबीहा माझ्या मागे, अबाया गुडघ्यापर्यंत चिखलात.

"एकाच तारेला धर, दोन्ही एकदम धरलीस तर शून्य—"

"हे मला शिकवू नकोस, सित्त."

"बरं, उस्ता." पहिल्यांदाच तिने मला उस्ता म्हटलं.

खटका वर गेला. मोटार गुरगुरली, पाणी चढायला लागलं. तिचा आवाज मला आवडला नाही. ओझं घेऊन जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी दमत होती. मीटरकडे पाहिलं. एकशे साठ. दोनशे सोळा नाही, दोनशे नाही, एकशे साठ व्होल्ट. चिमट्यावर चौदा अँपिअर. मोटारीच्या पट्टीवर लिहिलेले असतात अकरा.

"हाज्जी! तिकडे किती?" सबीहा ओरडली.

"दोन—शे—सो—ळा!" पलीकडच्या काठालाही कळलं असेल.

"बंद करा!"

आम्ही परत आलो. प्लांटची भिंत नुकतीच रंगवलेली होती, निळी. सबीहाने पर्समधून खडू काढला आणि नशमियापुढे धरला.

"लिही."

"मी?" नशमिया मागे सरकली. "सित्त, मी तुमच्याकडे दोनदा नापास झालेय. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणूनच तू. तुला जमलं म्हणजे हाज्जींनाही जमेल."

रांग खदाखदा हसली. नशमियाने थाळा खाली ठेवला, हात झग्याला पुसले आणि खडू घेतला.

"बोर्डातून दोनशे सोळा निघाले," सबीहा म्हणाली, "मोटारीला एकशे साठ पोचले. वाटेत किती सांडले?"

वाटेत सांडणं कॅन वाहणाऱ्या बायांना सांगावं लागत नाही. "छप्पन्न!" तिघी-चौघी एकदम म्हणाल्या.

"प्रवाह चौदा. छप्पन्नाला चौदाने भाग."

नशमियाचे ओठ हलत राहिले. तिचा खडू दोनदा भिंतीला टेकून परत आला. मग तिने लिहिलं: ४.

"चार ओहम. हा या वायरचा रोध. आता छप्पन्नाला चौदाने गूण."

याला वेळ लागला. कुणीतरी मोबाइल काढला तर सबीहाने नुसतं बघितलं आणि तो परत खिशात गेला. "सातशे... चौऱ्याऐंशी," नशमिया म्हणाली.

"सातशे चौऱ्याऐंशी वॅट. घरातली इस्त्री साधारण एवढीच शक्ती घेते. म्हणजे ईदपासून तुम्ही एक इस्त्री या चिखलात तापत ठेवली आहे. जनरेटरवाल्याकडून आपण एकेक अँपिअर भांडून घेतो, आणि इथे निघालेल्या शक्तीचा चौथा हिस्सा बेडूक शेकायला जातो."

इतका वेळ हसणाऱ्या बाया आता हाज्जींकडे बघायला लागल्या. पण हाज्जी मुतश्शर मूर्ख माणूस नाहीत. त्यांनी भुवया आवळल्या.

"सित्त, एक सांगा. तापते ती वायर. मग वायर जळायला हवी. मोटार का जळते?"

"शाब्बास!" सबीहाचा चेहरा उजळला. वर्गात चांगला प्रश्न आला की तो कसा उजळत असेल ते मी त्या दिवशी पाहिलं. "वायर दीडशे मीटर पसरलेली, तिची उष्णता वाऱ्यावर जाते. मोटारीला मात्र दाब कमी मिळाला तरी पाणी तेवढंच ओढायचंय. मग ती प्रवाह जास्त घेते. अकराच्या जागी चौदा. आणि वेढ्यांतली उष्णता प्रवाहाच्या पटीत वाढत नाही, प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. नशमिया, अकरा गुणिले अकरा?"

"एकशे एकवीस."

"चौदा गुणिले चौदा?"

"एकशे शहाण्णव!" हे तिने इतक्या झटकन सांगितलं की तीच चकित झाली.

"दहा रोट्या भाजायच्या तंदुरात तुम्ही सोळा रोट्यांचा जाळ घातला. रोट्या करपल्या. आता पीठ मळणाऱ्याला शिव्या देणार का, हाज्जी?"

पीठ मळणारा मी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरच्या तारा गुंडाळत बसलो, कारण डोळे वर करण्यासारखे नव्हते.

हाज्जींनी भिंतीवरचे आकडे पुन्हा वरपासून वाचले. मग म्हणाले, "जाड केबल बसऱ्याहून मागवावी लागेल. चार-पाच दिवस जातील. आणि उगाच बोलत नाही, सित्त, पण हे सगळं खडूचं आहे. खरंच तसं होईल कशावरून?"

"करून दाखवते. ही एक वायर चार ओहमची. तशाच चार वायरी शेजारी शेजारी टाकल्या, दोन्ही टोकांना एकत्र बांधल्या, तर रोध किती?"

"सोळा!" नशमिया म्हणाली.

"एका नळीऐवजी चार लावल्या तर पाणी अडतं की मोकळं होतं?"

नशमियाने जीभ चावली. "मोकळं होतं. मग... चाराचे चार भाग. एक."

"एक ओहम."

"आणखी तीन वायरी आणायच्या कुठून?" हाज्जींनी विचारलं.

हे उत्तर सबीहाकडे नव्हतं. माझ्याकडे होतं. मोहल्ल्यातला जुना जनरेटर बंद होऊन चार वर्षं झाली, पण त्याच्या घरोघरी गेलेल्या वायरी अजून खांबांवरून लोंबतात. कुणी काढत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं, कधीतरी लागेल.

"आपल्या डोक्यावर बघा," मी म्हणालो.

सगळ्यांनी माना वर केल्या.

त्या दिवशी जे झालं ते मी आमच्या मोहल्ल्यात लग्नातही पाहिलेलं नाही. शिड्या आल्या. छतांवरून लोक वायरी सोडवायला लागले. जिच्याशी जिचं वर्षानुवर्षं वाकडं, त्या दोघी एकाच वायरीची दोन टोकं धरून गल्लीतून चालत आल्या. माझ्या दुकानापुढे ढीग पडला. मी प्रत्येक वायर सोलून तांब्याची जाडी मोजली. जी हाज्जींच्या वायरीएवढीच भरली ती घेतली, बाकीची परत दिली. तुकड्यांना तुकडे जोडले, प्रत्येक जोड पिळून, डाग देऊन, वर रबरी पट्टी गुंडाळून. कुणी बर्फाचं पाणी आणलं, कुणी खजुराचा रस लावलेली रोटी माझ्या तोंडात कोंबली, कारण माझे हात रिकामे नव्हते. संध्याकाळ होईपर्यंत एकशे पासष्ट मीटरच्या तीन दुहेरी ओळी तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जुन्या वायरीच्या शेजारी काठ्यांवर टांगून मी दोन्ही टोकं बांधली.

रांग त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट होती. कॅन नसलेलेही आले होते.

खटका वर करायच्या आधी सबीहा भिंतीपाशी गेली. या वेळी खडू तिने स्वतः घेतला. "दाब चांगला मिळाला की मोटार पट्टीवर लिहिलंय तेवढाच प्रवाह घेईल, अकरा. अकरा गुणिले एक ओहम, अकरा व्होल्ट सांडतील. दोनशे सोळातून अकरा गेले." आणि तिने भिंतीवर हातभर मोठे आकडे काढले: २०५. खाली दोन रेघा मारल्या.

"मोजायच्या आधीच?" हाज्जी म्हणाले. "चुकलात तर भिंत मला परत रंगवावी लागेल."

"चुकले तर मी रंगवीन."

ते स्वतः फळ्यांवरून मोटारीपाशी गेले, अंगातला लांब झगा, दिशदाशा, वर खोचून. मीटर मी आधीच लावून ठेवलं होतं. बोर्डापाशी मी उभा राहिलो. सबीहा माझ्या शेजारी होती. तिने खडू दोनदा पर्समध्ये टाकला आणि दोनदा परत काढला, हे मी एकट्याने पाहिलं.

मी खटका वर केला. मोटारीचा आवाज आला. तो दमलेल्या म्हाताऱ्याचा आवाज नव्हता. सहा वर्षं मी ओळखत होतो तो, सलग, गुळगुळीत आवाज. पाइपाच्या तोंडाशी पाणी आलं ते मनगटाएवढ्या जाड धारेने.

नदीकडून मात्र काहीच ऐकू येईना. हाज्जी मुतश्शर आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते.

"हाज्जी!" सबीहाने हाक मारली. "किती?"

"दोन—शे—चार!"

सगळे भिंतीकडे बघत होते. मग हाज्जी पुन्हा ओरडले, "एक कमी आहे, सित्त!"

"प्रवाह किती?"

"अकरा... आणि वर थोडा! अकरा पॉइंट तीन!"

"त्या एकातला थोडा तिथे गेला! बाकीचा उस्ताच्या जोडांनी खाल्ला!"

तेव्हा रांग फुटली. बायांनी जिभा हलवून आनंदाच्या आरोळ्या दिल्या, लग्नात देतात तशा. नशमियाने हिशेब पुढे चालवलाच, कुणी न सांगता: अकराला अकराने गुणून एकशे एकवीस, आणि त्याच्या शेजारी जुने सातशे चौऱ्याऐंशी. "इस्त्री गेली, दिवा उरला," ती प्रत्येकीला धरून सांगत होती, जणू हा शोध तिचाच.

हाज्जी चिखलाने माखलेले पाय घेऊन वर आले. थेट माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, बाजूला घेऊन काहीतरी पुटपुटतील. पण त्यांनी रांगेकडे तोंड वळवलं आणि बसभर ऐकू जाईल असे बोलले.

"ऐका! उस्ता झामिलच्या तांब्याला मी मुलामा म्हणालो. वायर माझी होती, चूक माझी होती. त्याचं काम सोन्यासारखं आहे. ज्याला बसऱ्याचा उस्ता हवा असेल त्याने बसऱ्याला जाऊन राहावं!"

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक "अल्ला बरकत देवो" असं काहीतरी. त्यांनी माझा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी परतताना सबीहा गल्लीच्या सावलीत थांबली. मला वाटलं, दम लागला.

"आमच्या प्रयोगशाळेत मीटर कधी धड नव्हतंच," ती म्हणाली. "देशावर निर्बंध होते त्या वर्षांत जी मोडली ती मोडलीच. मी फळ्यावर खडूने तबकडी काढायची, खडूनेच काटा काढायचा आणि मुलींना म्हणायची, वाचा, किती व्होल्ट? मी जे काढलं तेच त्या वाचायच्या. एकतीस वर्षं, झामिल. उत्तर नेहमी बरोबर यायचं, कारण मीच काढलेलं असायचं. आज पहिल्यांदा मी न काढलेलं उत्तर बरोबर आलं."

"एकाने कमी," मी म्हणालो.

"गप बस."

ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मी तिच्या हातातली दोरी आणि पर्स घेतली आणि तिच्यापुढे चालू लागलो. समोरून येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिसावं की या बाईंचं सामान कोण वाहतोय.

चार-पाच दिवस म्हणता म्हणता महिन्याभराने जाड केबल आली. ज्याची वायर त्याला परत देऊ केली, पण बऱ्याच जणांनी घेतली नाही. राहू द्या प्लांटला, म्हणाले. मोटार चालू आहे. दोन उन्हाळे झाले.

त्या वर्षीच्या थंडीत माजरहून एक शेतकरी जळकी मोटार घेऊन माझ्याकडे आला. आधीच्या उस्ताला शिव्या घालत होता. मी मोटार उघडायच्या आधी विचारलं, "केबल किती लांब?" तो वैतागला. "तुम्हाला मोटार भरायचीय की केबल?" मी मोटार भरली आणि ती बसवायला त्याच्यासोबत तीस किलोमीटर गेलो. चालू मोटारीवर मोजलं. निघाले दोनशे वीस, पोचले एकशे नव्वद, प्रवाह पंधरा. त्याच्या गाडीच्या धुळकट टपावर बोटाने हिशेब मांडला: तीसला पंधराने भागून दोन ओहम, तीस गुणिले पंधरा, साडेचारशे वॅट वाया. त्याला समजेपर्यंत दोनदा समजावलं. मग मी तेच कागदावर उतरवून घरी आणलं आणि जेवताना सबीहापुढे सरकवलं, सहज, काही विशेष नसल्यासारखं.

तिने चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत वाचलं, मग पुन्हा वरून.

"शेवटच्या ओळीत वॅट लिहायचा राहिला," ती म्हणाली. "अर्धा मार्क गेला." आणि कागद घडी करून आपल्या वहीत ठेवून दिला.

एवढंच. मला जरा वाईटच वाटलं.

सकाळी दुकानाकडे निघालो तर नशमिया थाळा घेऊन समोरून आली. दोन दारं आधीपासूनच तिचं ओरडणं सुरू झालं होतं.

"उस्ता! अहो उस्ता! माजरला जाऊन दहापैकी साडेनऊ मिळवलेत म्हणे! सित्तनी आज दार उघडल्या उघडल्या आधी हेच सांगितलं. माझ्याआधी दूधवाल्यालाही सांगून झालं होतं!"